आर्थिक अडचणीच्या काळात कापलेले ओव्हरड्राफ्टचे शुल्क व व्याज परत कसे मागावे: ब्रिटनमधील मराठी खातेदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, नोकरी किंवा लग्नाच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि पगाराआधीच खाते उणे होण्याचा अनुभव घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी. तुमची अडचण बँकेला कधी कळली, किंवा कधी कळायला हवी होती, या तारखेवर परताव्याचा जवळजवळ संपूर्ण हिशेब अवलंबून असतो.

प्रश्न: ओव्हरड्राफ्ट हे कर्जच आहे का? मी तर कुठलाही कर्जाचा अर्ज केलेला नाही.

होय, ते कर्जच आहे. आपल्याकडे ओव्हरड्राफ्ट हा शब्द बहुधा व्यापाऱ्याच्या किंवा मुदत ठेव तारण ठेवणाऱ्याच्या तोंडी ऐकू येतो, त्यामुळे पगाराच्या साध्या खात्यावर अशी उधारी असू शकते हे इथे नव्याने आलेल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये करंट अकाउंट उघडताना किंवा नंतर ॲपवर एक-दोन बटणे दाबून ५०० किंवा १,००० पौंडांची मर्यादा मंजूर होते आणि ॲपमधल्या ‘उपलब्ध रक्कम’ या आकड्यात काही वेळा तीही मिळवलेली दिसते. आपले पैसे कुठे संपले आणि बँकेचे कुठे सुरू झाले ही रेघ अशा वेळी पुसट होते. आधी ठरलेल्या मर्यादेतील उधारीला मंजूर ओव्हरड्राफ्ट म्हणतात. मर्यादा ओलांडल्यास, किंवा मर्यादा नसतानाच खाते उणे झाल्यास, तो विनामंजुरीचा ओव्हरड्राफ्ट ठरतो.

प्रश्न: सध्या बँका यासाठी नेमके किती पैसे घेतात?

६ एप्रिल २०२० पासून फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामक संस्थेने ओव्हरड्राफ्ट वापरल्याबद्दलचे रोजचे किंवा महिन्याचे ठरावीक शुल्क बंद केले. आता बँकेला केवळ एका वार्षिक व्याजदराने आकारणी करता येते आणि विनामंजुरीच्या ओव्हरड्राफ्टला मंजूर ओव्हरड्राफ्टपेक्षा जास्त दर लावता येत नाही. या बदलामागचे आकडे अस्वस्थ करणारे होते: २०१६ साली विनामंजुरीच्या ओव्हरड्राफ्टवरील शुल्कापैकी निम्म्याहून अधिक रक्कम अवघ्या १.५ टक्के ग्राहकांकडून वसूल झाली होती. ज्यांच्याकडे सर्वांत कमी होते तेच सर्वांत जास्त भरत होते.

शुल्क गेले, पण व्याज वाढले. या बदलानंतर अनेक मोठ्या बँकांनी आपला दर ४० टक्क्यांच्या आसपास नेला. ३९.९ टक्के दराने ५०० पौंडांची उणे शिल्लक महिनाभर राहिली तर सुमारे १४ पौंड व्याज पडते. एका महिन्यापुरते हे थोडे वाटेल, पण खाते वर्षानुवर्षे उणेच राहिले की मुद्दल तेवढेच उरते आणि भरलेले व्याज शेकड्यांत जाते. म्हणूनच आता परतावा मागताना केवळ ‘शुल्क’ न म्हणता ‘व्याज आणि शुल्क’ असे लिहावे. शिल्लक नसल्यामुळे डायरेक्ट डेबिट (बिलाची रक्कम खात्यातून आपोआप वळती होण्याची सोय) परत गेल्यास काही बँका वेगळे शुल्क लावतात. तेही प्रत्यक्ष खर्चाशी सुसंगत असावे अशी नियामकाची अपेक्षा आहे.

प्रश्न: ‘शुल्क अन्याय्य आहे’ एवढ्या कारणावर पैसे परत मिळतात असे एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले. ते खरे आहे का?

एके काळी तसे होत असे. २००६ आणि २००७ मध्ये हजारो ग्राहकांनी ‘हे शुल्क बँकेला झालेल्या खर्चाच्या कितीतरी पट आहे’ असे पत्र लिहून पैसे परत मिळवले. नंतर ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग ही सरकारी संस्था आणि ॲबी नॅशनलसह मोठ्या बँका यांच्यातला चाचणी खटला उभा राहिला. २५ नोव्हेंबर २००९ रोजी युनायटेड किंगडमच्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने निकाल दिला. हे शुल्क म्हणजे ग्राहक खात्याच्या सेवेसाठी मोजत असलेल्या किमतीचाच एक भाग आहे, त्यामुळे सेवेच्या मानाने ते जास्त आहे की नाही हे ग्राहक करारांच्या १९९९ च्या नियमांखाली तपासता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

इंटरनेटवर आजही फिरणारे तयार पत्रांचे नमुने त्या निकालाच्या आधीचे असतात. तसे पत्र पाठवले की बँक एका परिच्छेदात निकालाचा हवाला देऊन तक्रार फेटाळते, आणि खरोखर दम असलेली तक्रारही त्यात वाया जाते. जुने नमुने वापरू नका, असे मी कळकळीने सांगतो.

प्रश्न: मग आता कोणत्या आधारावर परतावा मागायचा?

दोन आधार आहेत आणि बहुतेक तक्रारींत ते एकत्र येतात.

पहिला आधार आर्थिक अडचणीत सापडलेल्या ग्राहकाशी बँकेने कसे वागावे याचा आहे. नियामकाच्या नियमांनुसार अशा ग्राहकाला समजून घेणे, सवलत देणे आणि गरज पडल्यास व्याज व शुल्क थांबवणे किंवा कमी करणे यांचा विचार बँकेने करायलाच हवा. तुम्ही अडचण सांगितल्यानंतरही तिने यांत्रिकपणे कापणी चालू ठेवली असेल, तर त्या तारखेनंतरची रक्कम मागण्यास भक्कम कारण मिळते.

दुसरा आधार बेजबाबदार कर्जपुरवठ्याचा आहे. डिसेंबर २०१९ पासून बँकांवर असे बंधन आहे की ओव्हरड्राफ्ट वारंवार वापरणाऱ्या ग्राहकांचा व्यवहार त्यांनी तपासावा, त्यांच्यातले अडचणीत असलेले किंवा अडचणीत जाण्याची शक्यता असलेले ओळखावेत आणि त्यांच्याशी स्वतःहून संपर्क साधावा. त्याआधीही ओव्हरड्राफ्टची मर्यादा देताना, वाढवताना आणि तिचा आढावा घेताना ती ग्राहकाला झेपते का हे पाहणे अपेक्षित होतेच. मुळात ओव्हरड्राफ्ट ही थोड्या दिवसांची नड भागवण्याची सोय आहे. खाते महिनोनमहिने शिल्लकीत आलेच नाही आणि तरीही बँक मर्यादा चालू ठेवून, किंवा त्याहून वाईट म्हणजे वाढवून, व्याज घेत राहिली, तर तुम्ही तोंडाने काही सांगितले नसले तरी ‘स्टेटमेंट पाहून तुम्हाला हे कळायला हवे होते’ असे म्हणता येते.

एक स्पष्ट सांगायला हवे. अडचणीत आहे म्हणून आपोआप परतावा मिळण्याचा कायदेशीर हक्क नाही. बँकेने तुमच्याशी नियमांप्रमाणे आणि न्यायाने वागण्याचा हक्क मात्र आहे, आणि ती तशी वागली नाही हे दाखवणे हेच तक्रारीचे काम आहे.

प्रश्न: ‘आर्थिक अडचण’ कशाला म्हणायचे? माझी नोकरी चालू आहे, पगारही नियमित येतो.

नोकरी असणे आणि अडचण नसणे या एकच गोष्टी नाहीत. आपल्या लोकांमध्ये ही शंका फार असते, आणि तिच्यामागे संकोचही असतो. घरभाडे, काउन्सिल टॅक्स, वीज-गॅस, अन्न आणि प्रवास यांसाठी दर महिन्याला उधारी करावी लागत असेल तर ती अडचण आहे. पगार जमा झाल्यावर खाते दोन दिवसही शिल्लकीत न राहणे, क्रेडिट कार्डावरून रोख काढणे, पेडे लोन (पुढच्या पगारापर्यंतचे महागडे छोटे कर्ज) घेणे, डायरेक्ट डेबिट परत जाणे, एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरणे, ही सगळी तिचीच चिन्हे आहेत.

स्थलांतरित कुटुंबांच्या बाबतीत खाते उणे होण्याचे एक वेगळे कारण असते आणि ते पत्रात जरूर लिहावे. फेब्रुवारी २०२४ पासून व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांसाठी ७७६ पौंड आहे. नवरा, बायको आणि एक मूल यांच्या तीन वर्षांच्या नूतनीकरणात हा अधिभारच ८,५३८ पौंड होतो, अर्जाचे शुल्क वेगळे, आणि तो आगाऊ व एकरकमी भरावा लागतो. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावरील कुटुंबांना त्यातून सूट आहे. इतरांची वर्षांची बचत मात्र एका दुपारी संपते, आणि पुढच्या महिन्यापासून ओव्हरड्राफ्ट सुरू होतो. गावी आई-वडिलांच्या उपचारासाठी पाठवलेले पैसे, बाळंतपणाच्या रजेतील कमी पगार, दोनपैकी एकाची नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट, हीदेखील खरी आणि सांगण्याजोगी कारणे आहेत.

प्रश्न: तक्रारीची तयारी कोठून सुरू करावी?

स्टेटमेंटपासून. किमान सहा वर्षांची स्टेटमेंट ॲपमधून उतरवून घ्यावीत. ॲपमध्ये मिळाली नाहीत, किंवा खाते बंद झाले असेल, तर बँकेकडे आपली वैयक्तिक माहिती मागण्याचा अर्ज करता येतो. तो सहसा मोफत असतो आणि साधारणपणे एका महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. या अर्जात केवळ स्टेटमेंट न मागता बँकेने तुमच्या खात्यावर केलेल्या नोंदी, दूरध्वनीवरील संभाषणांचे तपशील आणि ओव्हरड्राफ्ट मर्यादेच्या आढाव्याची कागदपत्रेही मागावीत. ‘ग्राहकाने अडचण सांगितली’ अशी तीन वर्षांपूर्वीची एखादी नोंद त्यात सापडली तर तक्रारीचे वजन एकदम वाढते.

मग एका वहीत किंवा तक्त्यात प्रत्येक महिन्यासमोर चार गोष्टी लिहाव्यात: महिन्यातली सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी शिल्लक, कापलेले व्याज व शुल्क, परत गेलेले डायरेक्ट डेबिट, आणि त्या महिन्यात घरात काय घडले होते. हे काम कंटाळवाणे आहे, कधी कधी त्रासदायकही, कारण जुने वाईट दिवस पुन्हा डोळ्यांसमोर येतात. तरीही ते स्वतःच करावे. असा तक्ता तयार झाला की कोणत्या महिन्यानंतर खाते कायमचे उणे गेले हे आपोआप दिसू लागते, आणि तीच तारीख धरून परतावा मागायचा असतो.

याखेरीज सध्याच्या जमाखर्चाचा एक ताळेबंद जोडावा. तो करण्यासाठी स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्था विनामूल्य मदत करतात.

प्रश्न: पत्रात काय लिहावे? माझे इंग्रजी बेताचे आहे.

बेताचे इंग्रजी चालते. कायद्याची कलमे उद्धृत करण्याची गरज नाही. तारखा, आकडे आणि मागणी या तीन गोष्टी पुरतात. मजकूर साधारण असा असावा आणि तो साध्या इंग्रजीत पाठवावा:

‘ही औपचारिक तक्रार आहे. अमुक महिन्यापासून माझे खाते जवळजवळ सतत उणे आहे. त्या काळात माझी नोकरी गेली होती आणि घरखर्चासाठी मी ओव्हरड्राफ्टवर अवलंबून होतो. अमुक तारखेला मी तुम्हाला दूरध्वनीवर हे सांगितले. तरीही तुम्ही व्याज आकारणे चालू ठेवले आणि अमुक तारखेला माझी मर्यादा वाढवली. माझ्या व्यवहारांवरून माझी अडचण तुम्हाला दिसायला हवी होती. अमुक महिन्यापासून आकारलेले सर्व व्याज व शुल्क, एकूण अमुक पौंड, परत करावे. पुढील आकारणी थांबवावी. उरलेली रक्कम मला झेपेल अशा हप्त्यांत फेडू द्यावी. आणि या काळातील प्रतिकूल नोंदी माझ्या पतअहवालातून काढाव्यात. जमाखर्चाचा ताळेबंद आणि तक्ता सोबत जोडला आहे.’

‘तक्रार’ (इंग्रजीत ‘complaint’) हा शब्द पत्रात असलाच पाहिजे. अडचण सांगून नुसती विनंती केली तर एखादी बँक ती चौकशी समजून बाजूला ठेवू शकते. पत्र पाठवल्याची तारीख आणि त्याची प्रत जपावी. दूरध्वनीवर बोलणे झाले तर बोलणाऱ्याचे नाव, वेळ आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. न घडलेले काही लिहू नये आणि जुगार किंवा चैनीचे खर्च असतील तर ते लपवू नयेत, कारण ते स्टेटमेंटमध्ये दिसतातच. जुगाराचे व्यवहार वारंवार दिसत असतील तर तेही बँकेने दखल घ्यावी असेच लक्षण आहे.

प्रश्न: बँकेने उत्तर दिले नाही, किंवा नकार दिला तर?

बँकेला अंतिम उत्तरासाठी आठ आठवड्यांची मुदत असते. ती संपली, किंवा त्याआधी नकार आला, की फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे जाता येते. ही लोकपाल सेवा ग्राहकासाठी पूर्णपणे मोफत आहे, वकिलाची गरज नाही आणि भाषेची मदतही मागता येते. बँकेचे अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जाणे मात्र आवश्यक आहे. ही तारीख उलटल्यामुळे चांगली तक्रार बुडणे फार वाईट, तेव्हा उत्तर आले त्याच दिवशी ती दिनदर्शिकेत लिहावी.

आधी तपास अधिकारी दोन्ही बाजू पाहून मत देतो. दोन्हींपैकी एका पक्षाला जरी ते अमान्य असेल तरी प्रकरण लोकपालाकडे जाते. लोकपालाचा निर्णय तुम्ही स्वीकारलात की तो बँकेवर बंधनकारक होतो. स्वीकारला नाहीत तर न्यायालयाचा मार्ग खुला राहतो.

बँकेचा पहिला नकार म्हणजे शेवट नव्हे. कित्येक जण ते छापील पत्र वाचून थांबतात.

प्रश्न: किती जुन्या रकमा मागता येतात?

लोकपालाकडे साधारणपणे घटनेपासून सहा वर्षांपर्यंतची तक्रार नेता येते. ही मुदत उलटली असेल, तर तक्रारीचे कारण आहे हे तुम्हाला कळल्यापासून, किंवा वाजवीपणे कळायला हवे होते तेव्हापासून, तीन वर्षांच्या आत जावे लागते. त्यामुळे एप्रिल २०२० पूर्वीच्या जुन्या दैनंदिन शुल्कांबाबत बँक मुदतीचा आक्षेप घेईल हे गृहीत धरावे. ‘ओव्हरड्राफ्ट चालू ठेवणे हीच बँकेची चूक असू शकते हे मला मागच्या वर्षी कर्ज सल्लागाराने सांगितल्यावर कळले’ अशी परिस्थिती असेल तर ती पुराव्यासह मांडावी. मुदतीत बसते की नाही हा निर्णय लोकपालाचा असतो, म्हणून केवळ बँकेने नाही म्हटले यावर माघार घेऊ नये.

प्रश्न: तक्रार केली म्हणून बँक माझा ओव्हरड्राफ्ट लगेच बंद करील का?

ही भीती निराधार नाही. अडचण सांगितल्यावर बँक मर्यादा गोठवू किंवा टप्प्याटप्प्याने कमी करू शकते. तसे करताना ग्राहक आणखी अडचणीत येणार नाही हे तिने पाहायचे असते, पण व्यवहारात पगार जमा झाला आणि उणे शिल्लक भरण्यात गेला, असे होऊ शकते. म्हणून पत्र पाठवण्याआधी दुसऱ्या, संबंध नसलेल्या बँकेत साधे खाते उघडावे आणि पगार तसेच भाडे, काउन्सिल टॅक्स, वीज-गॅस यांची डायरेक्ट डेबिट तिकडे वळवावीत. मोठ्या बँकांत ‘बेसिक अकाउंट’ नावाचे ओव्हरड्राफ्ट नसलेले मोफत खाते मिळते. पतअहवाल खराब असला तरी सहसा ते नाकारले जात नाही.

एकाच बँकेतील तुमच्या दुसऱ्या खात्यातली बचत बँक या देण्यापोटी वळती करू शकते. तसे झाल्यास जगण्यापुरती आणि भाड्यासारख्या प्राधान्याच्या देण्यांपुरती रक्कम परत मिळावी, अशी मागणी ताबडतोब करावी.

प्रश्न: याचा माझ्या व्हिसावर परिणाम होईल का?

बँकेकडे किंवा लोकपालाकडे तक्रार करणे, परतावा घेणे, कर्जाबाबत मोफत सल्ला घेणे यांतले काहीही ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे अनेक व्हिसांवर घेण्यास मनाई असलेल्या सरकारी लाभांमध्ये, मोडत नाही. तो शब्द युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट अशा नियमांत नावानिशी दिलेल्या सरकारी लाभांसाठी आहे. या गैरसमजापायी गप्प राहून व्याज भरत बसलेली माणसे आहेत.

प्रश्न: मी आता पुण्याला परतलो आहे. तक्रार करता येईल का?

येईल. खाते ब्रिटनमधील बँकेचे होते हे महत्त्वाचे. तुम्ही आज कोठे राहता हे नाही. खाते बंद झाले असले तरी हरकत नाही. पैसे जमा करण्यासाठी ब्रिटनमधील एखादे खाते चालू असले तर सोयीचे पडते. उणे शिल्लक तशीच ठेवून परतला असाल तर ते देणे तुमच्या जाण्याने संपलेले नाही. तक्रारीसोबत फेडीचा प्रस्तावही द्यावा.

प्रश्न: खाते नवरा-बायकोचे संयुक्त असेल तर?

दोघेही संपूर्ण देण्याला जबाबदार असतात, म्हणून शक्यतो दोघांच्या सहीने तक्रार करावी. एकाने दुसऱ्याला न विचारता, किंवा धाकाखाली, पैसे काढले असतील तर ते स्वतंत्रपणे आणि स्पष्ट लिहावे. बँकांकडे आर्थिक छळाची प्रकरणे हाताळण्याची वेगळी व्यवस्था असते.

प्रश्न: ‘आम्ही पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कंपनीला काम द्यावे का?

माझे मत: देऊ नये. लहान परताव्यावर अशी कंपनी ३० टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर व्हॅट घेऊ शकते, आणि स्टेटमेंट मात्र तुम्हालाच गोळा करावी लागतात. शिवाय परतावा ओव्हरड्राफ्टमध्येच वळता झाला तर हातात काही न येता कंपनीचे बिल मात्र येते.

प्रश्न: इतरही कर्जे आहेत. फक्त ओव्हरड्राफ्टची तक्रार करून काय होणार?

तसे असेल तर आधी कर्ज सल्लागाराकडे जावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ ही योजना आहे. सल्लागारामार्फत ती मिळाली की ६० दिवस तिच्यात समाविष्ट कर्जांवरील बहुतेक व्याज, शुल्क आणि वसुलीची कारवाई थांबते; सर्वसाधारण प्रकारात ती वर्षातून एकदाच मिळते. स्कॉटलंडमध्ये यासाठी निराळी व्यवस्था आहे. या साठ दिवसांत तक्रारीची कागदपत्रे शांतपणे जमवता येतात.

प्रश्न: परतावा मंजूर झाला. पैसे हातात कधी येतात?

खाते अजून उणे असेल तर परताव्याची रक्कम प्रथम ती उणे शिल्लक कमी करण्यासाठी वापरली जाते. समजा खाते ९०० पौंडांनी उणे आहे आणि ठरलेल्या तारखेपासूनचे व्याज व शुल्क ६४० पौंड निघाले. मग देणे २६० पौंड उरते आणि ते हप्त्यांनी फेडता येते. तेच व्याज १,१०० पौंड निघाले तर देणे मिटून २०० पौंड तुम्हाला मिळतात, आणि लोकपालाच्या निर्णयात अशा जास्तीच्या रकमेवर साधे व्याजही मिळू शकते. त्या व्याजावर बँक कर कापते. उत्पन्न कमी असल्यास तो महसूल खात्याकडून परत मागता येतो.

बँकेने स्वतःहून देऊ केलेली रक्कम स्वीकारण्याआधी पत्रातले ‘पूर्ण आणि अंतिम’ (इंग्रजीत ‘full and final’) हे शब्द शोधावेत. बँकेने कोणती तारीख धरली आहे आणि ती तुमच्या तक्त्यातल्या तारखेशी जुळते का हे पाहावे. जुळत नसेल तर कारण विचारावे, आणि ते पटेपर्यंत सही करू नये. पैसे जमा झाल्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी आपला पतअहवाल मोफत मागवून प्रतिकूल नोंदी खरोखर निघाल्या आहेत का हे तपासावे. त्या तशाच असतील तर तक्रारीचा जुनाच संदर्भ क्रमांक देऊन बँकेला पुन्हा लिहावे.